एपीके बसत नाही? फोन नेमका कुठं अडवतोय ते आधी बघा

"ओ, नवीन मोबाइल घेतलाय, पण तुमचं ॲप बसंना झालंय बघा."

सकाळी पावणेसहाला असा फोन आला की झोप उडते. पलीकडं गावच्या दूध संस्थेचे सचिव असतात, मागं किटल्यांचा खडखडाट असतो, आणि रांगेतलं कुणीतरी "आटपा की आता" म्हणत असतं. आम्ही दोघं मित्र तालुक्यातल्या काही दूध संस्थांसाठी एक छोटं अँड्रॉइड ॲप चालवतो. काट्यावरचं वजन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) नोंदवायचं, ब्लूटूथ प्रिंटरवर चिठ्ठी काढायची आणि उत्पादकाला संस्थेच्याच सिमवरून एसएमएस पाठवायचा, एवढंच त्याचं काम. या शेवटच्या एसएमएसनं सगळा घोळ केलाय. गुगलनं ऑक्टोबर २०१८मध्ये एसएमएस आणि कॉल लॉगच्या परवानग्यांचे नियम आवळले. जे ॲप फोनचं मुख्य मेसेज ॲप नाही, त्याला काही ठरावीक अपवाद सोडले तर या परवानग्या मागून प्ले स्टोअरवर राहता येत नाही. म्हणून आमचं ॲप व्हॉट्सॲपवरून एपीके फाइल (ॲप बसवायची फाइल) म्हणून जातं, आणि दर नव्या फोनला, दर अपडेटला तीच रडकथा.

पहिली दोन-तीन वर्षं आम्ही ही एकच अडचण समजत होतो आणि उत्तरही एकच द्यायचो: "अननोन सोर्सेस चालू करा." निम्म्या वेळा उपयोग व्हायचा, निम्म्या वेळा नाही. नंतर कळलं की फोन चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणी अडवतो आणि प्रत्येक ठिकाणचा पहारेकरी वेगळा. एका दाराची किल्ली दुसऱ्याला लावून काय उपयोग? ऑफिसचं, क्लासचं किंवा दुकानाच्या बिलाचं ॲप असं फाइलनं वाटणारे बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहून ठेवतोय.

आधी एक नियम. "होत नाही" एवढ्यावर काहीही सांगायचं नाही. स्क्रीनवर काय अक्षरं आली त्याचा फोटो मागवायचा. सगळं निदान त्या अक्षरांत असतं. आणि दुसरं, फोटो मागवून झाला की कॉल ठेवायचा. यामागं शिष्टाचार नाही, तांत्रिक कारण आहे. कॉल चालू असताना प्ले प्रोटेक्ट (फोनमधली ॲप्स तपासणारा गुगलचा पहारा) बंद करू द्यायचं नाही, आणि अँड्रॉइड १६वर तर नंबर सेव्ह नसलेल्या माणसाशी बोलताना बाहेरचं ॲप पहिल्यांदा टाकूही द्यायचं नाही, अशी व्यवस्था गुगलनं केली आहे. "मी बँकेतून बोलतोय, हे ॲप टाका" म्हणणाऱ्या भामट्यांसाठी ती आहे, पण कानाला फोन लावून एका संस्थेच्या तात्यांना पायरी पायरी सांगणारा, नव्या फोनमध्ये नंबर सेव्ह नसलेला मीही फोनच्या लेखी तसाच. एकदा आम्ही पाऊण तास असं झुंजलो होतो. कॉल ठेवल्यावर तात्यांनी दोन मिनिटांत टाकलं.

"या सोर्सवरून ॲप टाकायला परवानगी नाही"

सगळ्यांत साधी अडचण ही, पण गैरसमज हिच्याबद्दलच जास्त. पूर्वी सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीखाली 'अननोन सोर्सेस' नावाचं एकच बटण असायचं. ते चालू केलं की कुठूनही काहीही टाका. २०१७ साली अँड्रॉइड ८ आलं आणि ते बटण गेलं. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ मात्र अजून तेच बटण शोधायला लावतात. आता परवानगी फोनला नसते. फाइल ज्या ॲपमधून उघडता, त्या ॲपला ती द्यावी लागते. व्हॉट्सॲपमध्ये फाइलवर बोट ठेवलं तर परवानगी व्हॉट्सॲपला हवी. तीच फाइल फाइल मॅनेजरमधून उघडली तर फाइल मॅनेजरला. "मी तर चालू केलंय" म्हणणाऱ्याचा फोन हातात घेऊन बघितलं की बहुतेक वेळा परवानगी क्रोमला दिलेली असते आणि फाइल उघडत असतात व्हॉट्सॲपमधून.

सेटिंग्ज, ॲप्स, स्पेशल ॲप ॲक्सेस, त्यात 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' असा रस्ता आहे. कंपनीगणिक नावं थोडी इकडंतिकडं होतात, म्हणून सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'अननोन' टाइप करायला सांगणं सोपं पडतं. आम्ही सगळ्यांना फाइल आधी सेव्ह करून फाइल मॅनेजरमधूनच उघडायला सांगतो, आणि काम झालं की परवानगी काढायला. व्हॉट्सॲपला ती कायम देऊन ठेवणं मला अजिबात पटत नाही. का, ते पुढं येईलच.

ते बटण करडं दिसत असेल, दाबलंच जात नसेल, तर कारण वेगळं असतं. फोन कुठल्यातरी कंपनीनं दिलेला असेल तर त्यांच्या धोरणानं बंदी असते. मुलासाठी फॅमिली लिंकवर लावलेला असेल तर ताबा पालकांच्या खात्याकडं असतो. अँड्रॉइड १६मधलं ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन चालू केलेलं असेल तर बाहेरची ॲप्स सरसकट बंद. यावर इलाज ज्याच्या हातात नियंत्रण आहे त्यालाच विचारणं.

सॅमसंगचा ऑटो ब्लॉकर

नवा गॅलेक्सी फोन घेतला आणि वरचं बटण सापडूनही हलत नाही, तर सरळ ऑटो ब्लॉकरकडं जा. हा सॅमसंगचा स्वतःचा पहारा आहे, वन यूआय ६ या त्यांच्या सॉफ्टवेअर आवृत्तीपासूनचा. सुरुवातीला तो आपण चालू केला तरच चालायचा, वन यूआय ६.१.१ पासून नवा फोन लावताना तो आधीच चालू असतो. गॅलेक्सी स्टोअर आणि प्ले स्टोअर सोडून कुठलंही ॲप तो बसू देत नाही, शिवाय केबलनं येणाऱ्या आज्ञाही अडवतो. म्हणजे "जाऊ दे, लॅपटॉपला जोडून एडीबीनं टाकतो" हा आमचा हुकमी एक्काही तिथं पडतो (एडीबी म्हणजे लॅपटॉपवरून फोनला आज्ञा द्यायचं साधन). सेटिंग्जमध्ये 'सिक्युरिटी अँड प्रायव्हसी'खाली तो आहे. बंद करा, ॲप टाका, परत चालू करा. बसलेलं ॲप त्यानंतर नीट चालतं. पुढच्या अपडेटला मात्र हीच कसरत पुन्हा. शाओमीच्या फोनवर केबलनं टाकायचं असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'इन्स्टॉल व्हाया यूएसबी' वेगळं चालू करावं लागतं आणि त्यासाठी तो शाओमीचं खातं मागतो. सचिवांच्या फोनवर ते खातं कधीच नसतं.

प्ले प्रोटेक्ट: खरी डोकेदुखी

प्ले प्रोटेक्टचे पडदे वरवर सारखे दिसतात, पण त्यांचा अर्थ एक नाही. इथं फोटो लागतोच.

पहिला पडदा म्हणतो, हे ॲप आधी कधी पाहिलेलं नाही, तपासून घेऊ का? ही तपासणी ऑक्टोबर २०२३मध्ये आली, आणि आली ती भारतातच सर्वांत आधी. तपासू द्यावं. नेट धड असेल तर थोड्या वेळात काम होतं. गावात नेट रडत असेल तर तो गोल फिरत राहतो आणि लोक फोन बंद करून टाकतात. दुसऱ्या पडद्यावर इशारा असतो, पण 'मोअर डिटेल्स' उघडलं की खाली बारीक अक्षरात 'इन्स्टॉल एनीवे' असतं. तिसऱ्या पडद्यावर काहीच नसतं. हे ॲप संवेदनशील माहिती मागू शकतं, म्हणून अडवलंय, एवढं सांगून खाली फक्त 'ओके'. मागं फिरा.

हा तिसरा पडदा गेल्या वर्षी आमच्या तीन संस्थांत एकाच आठवड्यात आला आणि आम्ही गुगलला मनसोक्त शिव्या घातल्या. मग शांतपणे वाचलं. ही योजना फेब्रुवारी २०२४मध्ये सिंगापूरपासून सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२४मध्ये भारतासाठी जाहीर झाली. ब्राउझर, मेसेजिंग ॲप किंवा फाइल मॅनेजरमधून आलेलं ॲप चार परवानग्यांपैकी एखादी मागत असेल तर ते आपोआप अडवलं जातं: आलेला एसएमएस पकडणं, एसएमएस वाचणं, नोटिफिकेशन वाचणं आणि ॲक्सेसिबिलिटी (स्क्रीनवरचं वाचायची, दाबायची मुभा). ओटीपी चोरायला याच चार वाटा लागतात.

पण आमचं ॲप तर फक्त एसएमएस पाठवतं! मग आम्ही ॲपची मॅनिफेस्ट फाइल उघडली, म्हणजे ॲप कुठल्या परवानग्या मागतं ते जिथं लिहिलेलं असतं ती. त्यात एसएमएस वाचायची परवानगी आरामात बसली होती. कधीकाळी मित्राच्या डोक्यात आलेलं की सिमचा बॅलन्स संपल्याचा मेसेज ॲपनंच वाचावा. ती सोय कधी झालीच नाही, परवानगीची ओळ मात्र राहून गेली. ती एक ओळ काढली, नवी एपीके बांधली, आणि तिन्ही ठिकाणी ॲप मुकाट्यानं बसलं.

म्हणून माझं आता ठाम मत झालंय. तिसरा पडदा आला तर समोरच्याला "प्ले प्रोटेक्ट बंद करा" सांगायच्या आधी आपली परवानग्यांची यादी काढून प्रत्येक ओळीसमोर "ही कशाला?" असं लिहावं. बाहेरून आणलेल्या लायब्रऱ्याही (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) गुपचूप परवानग्या घुसवतात, तेव्हा आपण लिहिलेली मॅनिफेस्ट बघून भागत नाही, सगळं मिसळून तयार झालेली बघायची. आणि ॲप तुमचं नसेल, तुम्ही नुसते वापरणारे असाल, तर हा पडदा ओलांडायच्या भानगडीत पडू नका. ज्यानं ॲप दिलं त्याला फोटो पाठवा.

ॲप बसलं, पण परवानगी देताच येत नाही

यात लोक सर्वांत जास्त चकतात, कारण त्यांच्या मते ॲप तर 'झालंय'. पण एसएमएसची परवानगी द्यायला गेलं की 'रिस्ट्रिक्टेड सेटिंग' असं लिहून येतं. अँड्रॉइड १३मध्ये, २०२२ साली, ही अट आली तेव्हा ती ॲक्सेसिबिलिटी आणि नोटिफिकेशन वाचण्यापुरती होती. अँड्रॉइड १५मध्ये एसएमएस आणि इतर काही परवानग्याही तिच्याखाली आल्या, आणि आमचं ॲप त्यात सापडलं.

सोडवायचा मार्ग आहे, पण तो विचित्रपणे लपवलाय. सेटिंग्ज, ॲप्स, त्यात आपलं ॲप उघडायचं. वर उजव्या कोपऱ्यात तीन ठिपके. त्यात 'अलाऊ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज'. पिन किंवा बोटाचा ठसा दिला की झालं. गंमत अशी की आधी एकदा परवानगी मागून नकार खाल्ल्याशिवाय ते ठिपके किंवा तो पर्याय दिसतच नाही. म्हणजे आधी दारावर डोकं आपटायचं, मग किल्ली कुठं आहे ते दिसतं. "तीन टिंबं न्हाईतच की" असं कुणी म्हणालं तर ते खरंच सांगत असतात, हे मला फार उशिरा कळलं.

"ॲप नॉट इन्स्टॉल्ड"

हा मेसेज म्हणजे अँड्रॉइडची कचरापेटी. काहीही बिघडलं की हाच येतो. केबल आणि लॅपटॉप हाताशी असेल तर एडीबीनं टाकून बघा, तिथं खरं कारण लिहून येतं. नसेल तर अंदाजानं चालावं लागतं.

आमच्याकडं सर्वांत जास्त वेळा निघालेलं कारण सहीचं. प्रत्येक एपीकेवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. जुनं ॲप एका सहीचं आणि अपडेट दुसऱ्या सहीचं असेल तर फोन ते घेत नाही, आणि घेऊही नये. नाहीतर कुणीही आपल्या ॲपच्या नावाखाली स्वतःचं ॲप चढवेल. मित्रानं एकदा घाईत त्याच्या लॅपटॉपवर चाचणीच्या सहीनं एपीके बांधून गटावर टाकली. जुन्या फोनवर कुठंच बसेना, नव्या फोनवर लगेच बसली. दोन दिवस आम्ही फोनच्या कंपन्यांना नावं ठेवत बसलो.

इथं एक धोका आहे आणि तो मोठ्यानं सांगायला हवा. अशा वेळी नेटवर सल्ला मिळतो की जुनं ॲप काढून नवं टाका. नवं बसेल, पण जुन्या ॲपबरोबर त्याची माहितीही जाईल. एका सचिवांनी आम्हाला न विचारता तेच केलं, आणि दहा दिवसांच्या बिलातले आठ दिवस गेले. चिठ्ठ्यांच्या दुसऱ्या प्रती होत्या म्हणून निभावलं. दोन संध्याकाळी बसून हातानं भरलं सगळं. तेव्हा बॅकअप दुसऱ्या फोनवर उघडून बघितल्याशिवाय अनइन्स्टॉलला हात लावायचा नाही.

ॲप काढूनही 'आधीच्या पॅकेजशी जुळत नाही' म्हणत असेल तर ते फोनमध्ये दुसरीकडं जिवंत असतं: सिक्युअर फोल्डरमध्ये, ड्युअल ॲपमध्ये किंवा दुसऱ्या यूजरच्या खात्यात. तिथूनही काढावं लागतं.

बाकी कारणं किरकोळ, पण माहीत असावीत. आधीच्यापेक्षा जुनी आवृत्ती वर चढत नाही. फार जुन्या काळासाठी बांधलेलं ॲप अँड्रॉइड १४ घेत नाही. टार्गेट एसडीके (ॲप कुठल्या अँड्रॉइडसाठी बांधलंय तो आकडा) २३च्या खाली असेल तर नकार, आणि अँड्रॉइड १५वर ही मर्यादा २४ झाली. बंद पडलेल्या कंपनीचं जुनं बिलिंग ॲप नव्या फोनवर बसत नाही ते बऱ्याचदा यामुळं. पिक्सेल ७सारखे फोन फक्त ६४ बिटचीच ॲप्स चालवतात, तेव्हा ३२ बिटवाल्यांना तिथं थारा नाही. आणि एका फोनवरून ॲप 'शेअर' करून दुसऱ्यावर टाकायला जाल तर लक्षात ठेवा, ऑगस्ट २०२१पासून प्ले स्टोअरवरची नवी ॲप्स तुकड्यांत येतात. शेअर करताना त्यातला एकच तुकडा गेला तर ते बसणार नाही किंवा उघडताच बंद पडेल.

'पार्सिंग' असा शब्द दिसला, म्हणजे फोनला फाइल वाचता येत नसेल, तर आधी फाइलचा आकार बघा. आमची फाइल १४ एमबीची आहे, तात्यांकडं ९ एमबीचीच पोचली होती. आता फाइल पाठवताना खाली आकार लिहूनच पाठवतो.

फोन एवढा का अडवतो

मे महिन्यात एका संस्थेच्या गटावर 'लग्नपत्रिका' नावाची एपीके आली. पाठवणारा ओळखीचाच, म्हणजे त्याचा नंबर ओळखीचा. त्याच गटावर आमचं अपडेटही जातं. दोन्ही फाइल एकाखाली एक, सारख्याच हिरव्या चिन्हाच्या. आमच्या सांगण्यावरून व्हॉट्सॲपला कायमची परवानगी देऊन बसलेल्या माणसानं ती पत्रिका उघडली असती तर अर्धी वाट आम्हीच मोकळी करून दिलेली असती. असाच प्रकार 'आरटीओ चलन' नावाच्या फाइलींचा. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. ती एसएमएस वाचायची परवानगी मागत असेल तर ती पत्रिका नव्हे. चुकून टाकलीच तर आधी एअरप्लेन मोड, मग ॲप काढणं, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवणं आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार.

त्या दिवसापासून आम्ही गटावर फाइल टाकणं बंद केलं. सचिवांनी मागितलं की एकेकाला पाठवतो, आकार आणि आवृत्ती लिहून.

आता पुढचं संकट

ऑगस्ट २०२५मध्ये गुगलनं जाहीर केलं की प्ले स्टोअरबाहेरचं ॲप बनवणाऱ्यालाही स्वतःची ओळख पटवावी लागेल. नाहीतर प्रमाणित अँड्रॉइड फोनवर ते बसणार नाही. वेळापत्रक असं दिलंय की सप्टेंबर २०२६मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड, आणि २०२७पासून बाकीचं जग. एफ-ड्रॉइडसारख्या मुक्त ॲपच्या भांडारानं याला कडाडून विरोध केला. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये गुगलनं सांगितलं की जाणकार वापरकर्त्यांसाठी धोका पत्करून पुढं जायची वेगळी वाट ठेवू. एडीबीचा मार्गही राहणार आहे. विद्यार्थी आणि हौशी लोकांना मोजक्या फोनपुरतं विनाशुल्क खातं मिळेल, बाकीच्यांना २५ डॉलर.

मला हे अर्धं पटतं. आपल्या ॲपखाली आपलं नाव असावं यात गैर काही नाही. पण कुणाच्या फोनवर काय बसेल याची नोंदवही एकाच कंपनीकडं असणं खटकतं. आपल्या स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, तेव्हा बाहेरून ॲप टाकण्यावर बंधनं घालू नयेत असंही त्या आदेशात होतं. मार्च २०२३मध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, ती सूचना मात्र रद्द केली.

आम्ही नोंदणी करायचं ठरवलंय. त्यासाठी ॲपचं पॅकेज नाव (फोन ज्या नावानं ॲप ओळखतो ते) काढून बघितलं तर ते 'कॉम डॉट एक्झाम्पल'नं सुरू होणारं निघालं. पहिल्या दिवशी शिकवणीतला नमुना उतरवला होता, तो तसाच राहिला. असलं नाव उद्या दुसऱ्या कुणाचंही असू शकतं, आणि प्ले स्टोअर तर ते घेतच नाही. नाव बदललं की फोनच्या लेखी ते नवं ॲप, जुन्यातली माहिती त्यात आपोआप येत नाही. म्हणजे प्रत्येक संस्थेत जायचं, बॅकअप घ्यायचा, नवं टाकायचं, तीन टिंबं शोधायची. दिवाळीचं फरक बिल वाटून झालं की तात्यांच्या संस्थेपासून सुरुवात करतोय. केबल मी नेईन, त्यांना फक्त पिन आठवून ठेवायला सांगितलंय.